अनुभव धागा: तुमचा अडथळा नेमका कशानं हलला?

अभ्यासिकावाली

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी एक छोटी अभ्यासिका चालवते. पहाटे शटर उघडल्यापासून रात्री उशिरापर्यंत पोरं-पोरी येत असतात. एमपीएससी, बँक, पोलीस भरती, सीए, नेट-सेट. पैसा, खोली, क्लास या अडचणी ती उघड सांगतात आणि त्यावर बहुतेक वेळा काहीतरी मार्ग निघतो. पण "विचारायची लाज वाटते", "परत नापास झालो तर?", "घरी काय तोंड दाखवू?" हे महिनोन्महिने पोटात ठेवतात. माणूस अडतो तो जास्त करून इथंच, असं माझं मत झालंय.

पैलवान खाशाबा जाधवांचं उदाहरण कोल्हापुरात सगळेच देतात. मीही देते, फक्त माझं कारण वेगळं आहे. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर हातात पैसे नव्हते. त्यांनी लोकांकडं जाऊन मदत मागितली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. मग ब्राँझ आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पोरांना मी म्हणते, डावपेच राहू देत बाजूला, एवढा ताकदीचा गडी दारोदार गेला आणि त्यानं मागितलं, हे बघा. मागायलाही छाती लागते.

म्हणून हा धागा. अडथळा कोणता होता आणि काय केल्यावर तो हलला, एवढंच लिहा. "जिद्द ठेवली" म्हणून सोडून देऊ नका. जिद्द कशी ठेवली? किती वाजता, कुणाशी बोलून, कुठल्या कागदावर लिहून? वाचणाऱ्याला उद्या सकाळी करून बघता आलं पाहिजे. कुणाचं नाव, कंपनीचं नाव कृपया नको.

उद्यमनगरी

ताई, चांगला विषय काढलात. माझा अडथळा हक्काचे पैसे मागण्याचा.

उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग येतात, आम्ही बोरिंग, फेसिंग, ड्रिलिंग करून देतो. माल मापात, वेळेत. पण बिलासाठी फोन करायचा म्हटलं की हात आखडायचा. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, घरात पैशाचा विषय मोठ्यानं काढायचा नाही ही शिकवण. "साहेब, बघा जरा जमलं तर" असं म्हणून मी सुरुवात करायचो, समोरचा "पुढच्या आठवड्यात" म्हणायचा आणि मीच "चालतंय, चालतंय" म्हणून फोन ठेवायचो. बायकोचे दागिने ठेवून कामगारांचा पगार केलाय.

आमच्या सीएंनी छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६ समजावून सांगितला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली, तर लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त नसते, पैसे द्यायचे. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यात २०२३-२४ पासून आयकरात एक नियम (तेव्हाचं कलम ४३बी(एच)) लागू झालाय: मुदतीत पैसे दिले नाहीत तर ती रक्कम माल घेणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरावी लागते. मोठ्या गिऱ्हाइकाच्या अकाउंट विभागाला हे चांगलं माहीत असतं.

मग मी मागण्याचं काम कागदाकडं दिलं. कोटेशनवर, चलनावर, बिलावर एकच ओळ छापून घेतली: देय मुदत ४५ दिवस, खाली उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) क्रमांक. फोन मंगळवारी सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आधी. पहिलं वाक्य समोर लिहून ठेवलेलं: "अमुक नंबरचं बिल, अमुक तारखेला मुदत संपली, आरटीजीएस कधी करताय?" एवढं विचारून गप्प बसायचं. तारीख ऐकल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. ते गप्प बसणं सगळ्यात अवघड गेलं, कारण मधल्या शांततेत मीच समोरच्याच्या वतीनं सबबी सांगायचो.

व्याज अजून कुणाकडं मागितलेलं नाही. एक गिऱ्हाईक तुटलं, बाकीचे टिकले. त्यातले एक जुने साहेब म्हणाले, "असं स्पष्ट सांगत जा की, मलाबी वरती सांगता येतंय."

लाल माती

गंगावेशीच्या बाजूला तालमीत वाढलोय. गावच्या जत्रंत, सगळं पैपाव्हणं बघत असताना, एका झटक्यात चितपट झालो. तवापासनं मैदान म्हटलं की पोटात गोळा. सरावाला रोज जायचो. जोर मारायचो, बैठका काढायचो, खुराक चालू. पण लढतीची वेळ आली की कधी खांदा दुखायचा, कधी गुडघा. दुखायचा खरंच, सोंग न्हवतं ते.

वस्तादांनी वळखलं. बोलले मात्र कायबी न्हाईत. दुसऱ्या दिवशी पहाटे हौदात उतरलो तर म्हणाले, "आजपासनं पहिली जोड तुझी. वरच्या वजनाच्या पोराबरोबर." म्हणजे रोज पडायचं हे नक्की. ज्यांनी बघितलं नसंल त्यांच्यासाठी सांगतो, हौदातली माती नुसती माती नसती. तेल, हळद, ताक, लिंबू घालून मळल्याली असती, पडलं तर मऊ लागती. पण सगळ्या तालमीसमोर पाठ लागली की कान तापतात. उठायचं, मूठभर माती त्याच्या अंगावर टाकायची, त्यानं माझ्या, आन् परत हात मिळवायचा. पहिल्यांदा पडल्यावर मी कोण हसतंय का बघायचो. मग कधीतरी ते बघायचं बंद झालं, आन् पडताना त्याचा हात कुठं असतोय ते बघाय लागलो. तिथनं कुस्ती सुधारली.

आता लहान पोरांना शिकवतो. जत्रंत हरून आलेल्या पोराला घरचे रात्रभर समजावत बसतात. मी त्येला पोटभर जेवाय घालतो आन् सकाळची पहिली जोड त्याची लावतो. आठवडा मधी जाऊ द्यायचा न्हाई. आठवड्यात भीती घर करती.

अभ्यासिकावाली

वस्तादांची ही पद्धत मला फार पटली. आमच्याकडं सराव परीक्षा टाळणारी पोरं असतात, त्यांना हे वाचायला देते.

व्हीनस कॉर्नर

माझा अडथळा भीतीचाच, पण ती पाण्याची आहे.

शाहूपुरीत आमचं साड्या-ड्रेस मटेरियलचं दुकान. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आत आलं. पुन्हा उभं केलं, तर २०२१ च्या जुलैत परत. पाणी ओसरल्यावर कपड्याला जो वास येतो तो ज्यांनी भोगलाय त्यांनाच कळेल. गठ्ठेच्या गठ्ठे ट्रॉलीत भरून टाकून दिले. विमा होता, पण त्याच्या कागदांमागं धावण्यात वर्ष गेलं.

दुकान आम्ही परत लावलं, पण मी कोलमडले होते. जून लागला की झोप उडायची. रात्री दोनला उठून मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघायची. सणासुदीचा माल भरायची हिंमत होईना, आणि माल नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक दुसरीकडं. नवरा म्हणाला, "पाण्यापेक्षा तुझ्या या काळजीनंच दुकान बंद पडेल." राग आला, पण बोलणं बरोबर होतं.

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. मी त्याच आकड्यांवरून आमच्या दुकानाचे नियम केले आणि काउंटरच्या आत चिकटवले. ३५ फूट: खालचे दोन कप्पे रिकामे, माल माळ्यावर. ३९ फूट: भारी साड्या आणि वह्या टेंपोतून नणंदेकडं, तिचं घर उंचावर आहे. ४१ फूट: लाईटचा मेन स्विच बंद, शटर ओढून घरी. टेंपोवाल्याशी मे महिन्यातच बोलून ठेवते. त्याच महिन्यात सगळ्या मालाचा व्हिडिओ काढून मुलाला पाठवते, विम्यासाठी.

आता पातळी दिवसातून दोनदा बघते, सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला. ३४ असेल तर मला काहीच करायचं नाही, हे भिंतीवर लिहिलेलं आहे, म्हणून झोप लागते. भीती गेलेली नाही. दिवाळीचा माल मात्र पूर्ण भरला.

रात्रपाळी

व्हीनस कॉर्नर ताई, तुमचा ३५ फुटांचा नियम मी निकालाच्या टेन्शनला लावणार आहे. कट-ऑफ किती लागला तर काय करायचं, हे आत्ताच लिहून ठेवतो.

आजोळ कागल

थोडक्यात लिहितो. बारावीनंतर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि वडील अडून बसले. "आपण काय कुणापुढं हात पसरायचा?" मलाही तेच वाटत होतं. आजोबा कोल्हापुरात बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले. १९०१ पासून शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, त्यातल्याच एकात. ते वडिलांना म्हणाले, "मी बोर्डिंगात जेवलो म्हणून तू आज खुर्चीत बसलायस. त्याला हात पसरणं म्हणतोस का?" त्याच दिवशी अर्ज भरला. इंजिनिअर झालो. आता दरवर्षी गावातल्या पोरांचे अर्ज मी स्वतः बसून भरून देतो, कारण उत्पन्नाच्या दाखल्यापाशी निम्मी पोरं कंटाळून सोडतात.

चंदगडची

आमची बोली वेगळी. कोकणी, कन्नड, मराठी सगळ्याचा वास तिला. शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला आले तेव्हा हॉस्टेलवर पोरी माझी वाक्यं परत म्हणून दाखवायच्या. त्यांना ते गंमतीचं वाटायचं. मी बोलणंच बंद केलं. वर्गात उत्तर येत असूनही खाली मान, त्यात सेमिनार इंग्रजीत.

मी बाहेर आले ती प्रश्नातून. उत्तर चुकेल अशी भीती असते, प्रश्न चुकत नाही. म्हणून प्रत्येक तासाच्या आधी वहीच्या समासात एक प्रश्न लिहून न्यायचा आणि पहिल्या दहा मिनिटांत विचारून टाकायचा. उशीर केला की धीर सुटतो. सुरुवातीला मराठीतच विचारायची, फक्त विषयातले शब्द इंग्रजी. मॅडमनी एकदाही अडवलं नाही. संध्याकाळी विद्यापीठाच्या रस्त्यावर फिरताना सेमिनारचा एकेक परिच्छेद मोठ्यानं म्हणून मोबाईलवर रेकॉर्ड करायचा आणि रात्री ऐकायचा. स्वतःचा आवाज ऐकणं आधी नकोसं होतं, नंतर कुठं घाई होते ते कळायला लागलं.

बोली बदलली नाही, बदलणारही नाही. आता कॉलेजात शिकवते. आमच्या भागातली पोर वर्गात आली की आधी तिच्याशी आमच्या बोलीत बोलते.

पेठकरी

माझा अनुभव काही जणांना आवडणार नाही. मी स्पर्धा परीक्षा सोडली. सोडायची हे आतून केव्हाच कळलं होतं. वडिलांना सांगता येत नव्हतं, म्हणून आणखी फॉर्म भरत राहिलो.

रात्रपाळी

दादा, राग मानू नका, पण सोडायचं कशाला? आपल्या राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे बघा. किती वर्षं राबला आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ आणलं. फायनलमध्येही सुरुवातीला मागं होता, उभ्या पोझिशनला वर आला.

पेठकरी

राग नाही रे. पण त्याचंच उदाहरण नीट बघ. तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता. महिन्याचा पगार येत होता आणि सोबत नेमबाजी चालू होती. मी मात्र पुण्यात कॉट भाड्यानं घेऊन घरच्या पैशावर बसलो होतो, दुसरं काही हातात नव्हतं. एवढी वर्षं घातली, आता सोडलं तर ती वाया जातील, हाच विचार मला बांधून ठेवत होता.

मी काय केलं ते लिहितो. आधी आईला सांगितलं, एकटीला, स्वयंपाकघरात. मग निकाल लागायच्या आधी वडिलांना सांगितलं की हा शेवटचा, कसाही लागो. निकालानंतर सांगितलं असतं तर ते रडगाणं वाटलं असतं. आणि सांगायला जाताना पुढचं काम ठरवून गेलो होतो: मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेबाला. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं, "डबा किती वाजता लागतोय?"

परीक्षेसाठी केलेलं गणित आणि कायदा रोज कामी येतो. आता जीएसटीचं काम बघतो. धाकट्या भावाची तयारी चालू आहे, त्याला मीच म्हटलंय, नोकरी धरून कर.

रात्रपाळी

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विचार करतो.

शिलाई मशीन

सगळं वाचलं. उद्यमनगरी दादा, एक विचारायचं होतं. मी घरी ब्लाऊज, युनिफॉर्म शिवते. एका दुकानदाराचं काम घेते, तो पैसे फार थकवतो. तुमचा तो कायदा माझ्यासारखीला चालेल का? आणि नोंदणीला किती खर्च येतो? एकजण पंधराशे मागतोय.

उद्यमनगरी

चालतो ताई, शिलाईचं घरगुती कामही सूक्ष्म उद्योगात येतं. पंधराशे अजिबात देऊ नका. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. आधार आणि पॅन लागतं, आधारला मोबाईल जोडलेला हवा, ओटीपी येतो. कागद अपलोड करावे लागत नाहीत. नोंदणी झाली की पुढच्या कामापासून साध्या बिलबुकावर नंबर आणि मुदत लिहून द्या, आणि माल दिल्याची सही दुसऱ्या प्रतीवर घ्या. ती सही विसरू नका, पुढं सगळं तिच्यावर चालतं.

अभ्यासिकावाली

शिलाई मशीन ताई, ओटीपी वगैरे जमलं नाही तर दुपारी दोन ते चार अभ्यासिकेत या, तेव्हा गर्दी नसते. रात्रपाळी बसेल तुमच्यासोबत. काय रे, बसशील ना?

रात्रपाळी

बसतो. ताई, येताना आधारला जोडलेला मोबाईल आणि पॅन कार्ड तेवढं घेऊन या.