मदत हवी आहे: हाताने बनवलेल्या साबणाचा भाव कसा ठरवावा?

नमस्कार मंडळी. मी अटलांटात राहते. माझी शेजारीण कृष्णवर्णीय अमेरिकन आहे. ऑबर्न अव्हेन्यू ही इथल्या कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांची जुनी पेठ, तिथून जवळच तिचं साबणाचं छोटं दुकान आहे. तिचा हिशेब मी लिहिते.

ती घानाचं शिया बटर (शिया झाडाच्या बियांचं लोणी) वापरते. साबणाची लादी तारेने कापून वड्या चार ते सहा आठवडे फळीवर सुकवते, तोवर पैसा अडकलेला. एक वडी ९ डॉलरला. मोठ्या दुकानात तशीच दिसणारी ४ डॉलरला मिळते, कारण ते टनाने माल उचलतात आणि ही वीस किलो घेते. बँकेने कर्ज नाकारलं, त्यामुळे घाऊक खरेदी जमत नाही.

सगळ्यात लागतं ते तिच्याच समाजातल्या लोकांचं "आम्हाला तरी कमी कर". नाही म्हणताना तिचा चेहरा उतरतो. २०२० च्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांच्या दुकानांतून घ्या म्हणून ऑर्डरींचा पूर आला. ती एकटी, पार्सलं उशिरा गेली. तेव्हा गिऱ्हाइकांनी ऑनलाइन दिलेले एकाच ताऱ्याचे वाईट शेरे अजून दिसतात आणि ती गर्दी कधीच ओसरली.

ज्यांचा घरगुती मसाल्यांचा, फराळाचा धंदा आहे त्यांना विचारते: स्वतःची मजुरी भावात कशी धरता? एक दुकानदार निम्म्या भावात माल मागतोय, द्यावा का? आणि उशीर झाल्यावर चिडलेल्या गिऱ्हाइकाला नेमकं काय लिहिता? तुमची वाक्यं जशीच्या तशी दिलीत तर फार बरं होईल. शनिवारी तिच्यासोबत बसून नवं दरपत्रक करायचं आहे.