फुलशेती आणि रोपवाटिका: ऑनलाइन शिकण्यात अर्थ आहे का?

पर्णिका (धागाकर्ती)

व्यावसायिक फुलशेती किंवा रोपवाटिका ऑनलाइन शिकू का, असं कुणी विचारलं की जाणकारांचं उत्तर ठरलेलं असतं: असलं काही स्क्रीनवर येत नाही, आधी मातीत हात घाला. मला हे पटत नाही. का पटत नाही ते मांडते, विरोधी मतं जरूर यावीत.

अनुभवातून माणूस तेवढंच शिकतो, ज्याचा परिणाम त्याच्या नजरेसमोर येतो. रोपवाटिकेतल्या कित्येक चुका मात्र दुसऱ्याच्या जमिनीवर उघड्या पडतात. झाडाचं कोवळं रोप ट्रेमधून पिशवीत लावताना सोटमूळ दुमडलं, तरी वरून रोप टवटवीतच दिसतं आणि विकलंही जातं. पिशवीत जास्त काळ अडकलेल्या रोपाची मुळं कडेनं गोल फिरत राहतात. पुढे काही वर्षांनी तीच मुळं बुंध्याला आवळतात, नाहीतर जोराच्या वाऱ्यात झाड आडवं होतं. ज्यानं ते रोप पिशवीत लावलं त्याला यातलं काहीच कळत नाही. तो तसंच लावत राहतो आणि त्यालाच आपण दांडगा अनुभव म्हणतो.

कार्नेशनचंही तसंच. काढणीच्या वेळी सुंदर असलेलं फूल वाहतुकीत इथिलीन वायूच्या संपर्कात आलं की पाकळ्या आत मिटतात. सिल्व्हर थायोसल्फेटच्या द्रावणात दांडे ठेवले तर हे टळतं, हे 1970 च्या दशकाच्या अखेरीस संशोधनातून पुढे आलं. नुसतं शेतात राबून हा उपाय कुणाला सुचला नसता. शेवंतीला फूल येण्यासाठी लांब, अखंड रात्र लागते. दिवसमानाचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी संशोधकांनी 1920 मध्ये मांडला, आणि आज बाराही महिने शेवंती मिळते ती त्या समजेवर. हे सगळं ऑनलाइन उत्तम शिकता येतं.

मातीतला

मूळ मुद्दाच चुकतोय. रोपवाटिकेत सर्वाधिक नुकसान गोल फिरलेल्या मुळांनी होत नाही, पाण्यानं होतं. आणि पाणी देणं व्हिडिओतून येत नाही.

प्रो-ट्रेचं, म्हणजे रोपांसाठीच्या कप्प्याकप्प्यांच्या ट्रेचं, उदाहरण घ्या. कडेच्या कप्प्यांना वारा जास्त लागतो, ते आधी सुकतात. मधले अजून ओले असतात. नवशिका सगळ्या ट्रेवर सारखं पाणी मारतो. मधल्या रोपांची मुळं गुदमरतात, खोड बुडाशी पाणचट होतं आणि दोन दिवसांत रोपं कोलमडतात. मुरलेला माणूस ट्रे एका हातानं उचलतो, वजनावरून ओळखतो, मग फक्त कडेनं पाइप फिरवतो. कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) रंग काळपट तपकिरीवरून फिका कधी होतो, कोणती पानं उन्हानं माना टाकतात आणि कोणती तहानेनं, हे बघणाऱ्याच्या शेजारी उभं राहूनच कळतं.

मी माणसं कामाला ठेवतो. ऑनलाइन प्रमाणपत्र घेऊन आलेल्यांना पहिल्या दिवशी एकच सांगतो: या ओळीतल्या कुठल्या कुंड्यांना आज पाणी नको, ते दाखव. बहुतेक जण फक्त वरची माती बघतात. कुंडी उलटी करून मुळं बघायचं त्यांना सुचत नाही.

पर्णिका

कुंडी उलटी करायला कोर्समध्ये शिकवतात, मातीतला. पांढरी मुळं, तपकिरी मुळं, कडेलाच जमलेली मुळं यांचे जवळून घेतलेले फोटो असतात. ओलाव्याची 1 ते 5 अशी पातळी ठरवून प्रत्येक पातळीला ट्रे कसा दिसतो, त्याचं वजन किती भरतं, हेही दाखवतात. तुमचा मुरलेला माणूस जे हातानं ओळखतो, ते तराजूवर मोजून शिकता येतं. सराव लागेलच, तो मी नाकारत नाही. पण कशाचा सराव करायचा हे आधी कळलं तर तो लवकर होतो.

आणि पाणी म्हणजे केवळ किती आणि कधी नव्हे. पेटुनियाच्या शेंड्याची पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या, हे चित्र पुष्कळांनी पाहिलं असेल. अनुभवी माणूस म्हणतो, खत कमी पडलं. तो खत वाढवतो, क्षार चढतात आणि रोप आणखी बिघडतं. नत्र कमी असतं तर जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली असती. इथे दुखणं लोहाचं आहे. लोह माध्यमात, म्हणजे कुंडीत भरलेल्या मिश्रणात, असतं, पण पाण्यातल्या बायकार्बोनेट क्षारामुळे सामू (pH) चढत गेलेला असतो आणि मुळांना ते घेता येत नाही. जोवर पाण्याची तपासणी होत नाही, तोवर कितीही वर्षांचा हात असला तरी उपयोग नाही.

कलमकार

दोघांच्या मध्ये पडतो, कारण माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही रोप वाढवण्याबद्दल बोलताय. धंदा बुडतो तो बहुधा हिशेबात.

12 सेंटिमीटरच्या कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवल्या तर एका चौरस मीटरमध्ये 69 मावतात. रोपं पसरली की त्याच कुंड्या 25 सेंटिमीटर अंतरावर मांडाव्या लागतात. आता 16 मावल्या. म्हणजे त्या दिवसापासून प्रत्येक कुंडीवर जागेचा खर्च चौपटीहून जास्त. कुंड्या एक आठवडा आधी पसरल्या तर नफा जातो, एक आठवडा उशिरा पसरल्या तर रोपं उंच, लुकडी होतात आणि कुणी घेत नाही. फुलं कोणत्या तारखेला हवीत तिथून मागे मोजत यायचं: अंधार कधी द्यायचा, शेंडा कधी खुडायचा, कलमं कधी लावायची, मातृरोपं कधी तयार हवीत. मर किती धरायची, म्हणजे किती रोपं दगावतील, तेही त्यातच. हे काम कागदावरचं आहे आणि ऑनलाइन शिकायला यासारखा विषय नाही. शेतात राबणाऱ्याला हे कुणी शिकवत नाही, कारण ज्याच्याकडे या हिशेबाची वही असते तो ती कुणाला दाखवत नाही.

हिरवीरांग

कलमकारांशी सहमत. पण धागाकर्तीच्या उत्साहाला माझा विरोध आहे, आणि तो पाण्याच्या पाइपवरून नाही.

बरेच कोर्स थंड प्रदेशातल्या, उष्णता देणाऱ्या हरितगृहांसाठी तयार झालेत. दिवसाचं तापमान रात्रीपेक्षा कमी ठेवलं तर रोपांची उंची आटोक्यात राहते, हे त्यात शिकवतात. 1980 च्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठात यावर मोलाचं काम झालं. पण जिथे दुपार रोखताच येत नाही, तिथल्या माणसानं याचं काय करायचं? खताची वेळापत्रकं पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) धरून असतात. कोकोपीटमध्ये मुळातच पोटॅश आणि सोडियम असतं. ते कॅल्शियमच्या द्रावणानं धुऊन घेतलं नाही, तर रोपाला द्यायचं कॅल्शियम कोकोपीटच धरून ठेवतं. पीटचा आकडा कोकोपीटला लावला की घात झालाच. शिकणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याच्याकडे ताडून बघायला दुसरं काही नसतं. आकडा छापलेला असला की तो खराच वाटतो.

पर्णिका

हा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो. म्हणूनच आकडा पाठ करण्यापेक्षा मोजण्याची पद्धत शिकवणारा कोर्स निवडावा. कुंडीला नेहमीसारखं पाणी द्यायचं, तासभर थांबायचं, कुंडीखाली बशी ठेवायची. मग वरून थोडं शुद्ध पाणी हळूच ओतायचं आणि बशीत झिरपलेल्या पाण्याची ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) आणि सामू मोजायचा. वरून ओतलेलं पाणी मुळांजवळचं द्रावण खाली ढकलतं, त्यामुळे मुळं खरोखर कशात उभी आहेत ते समजतं. पीट असो, कोकोपीट असो, हवा थंड असो की गरम, मोजण्याची ही रीत बदलत नाही. निकाल कोणत्या मर्यादेत हवा, तेवढं माध्यम आणि पीक बघून ठरवायचं. आठवड्याला एकदा मोजून वहीत रेघ काढली, तर पानं पिवळी पडण्याआधीच काहीतरी चढतंय किंवा उतरतंय हे लक्षात येतं.

नवाअंकुर

मी सध्या नोकरी करतो, पूर्ण वेळ रोपवाटिकेत जाऊन राहणं शक्य नाही. तुमच्या वादातून मी काय करावं ते सांगाल का?

मातीतला

सांगतो. कोर्स करा, माझी हरकत नाही. पण आधी जवळच्या एखाद्या रोपवाटिकेत सुट्टीच्या दिवशी काम मागा, पैसे न घेता नव्हे, थोडे का होईना घेऊनच. फुकट काम करणाऱ्याला कुणी महत्त्वाचं काम देत नाही. आणि एकाच पिकाचा एक हंगाम बी टाकण्यापासून विक्रीपर्यंत बघा, मधला आठवडा चुकवू नका.

पर्णिका

यात एवढंच घालते: मोजायची साधनं पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा, आणि तिथल्या माणसाला त्याचे अंदाज विचारून मग मोजा. त्याचा अंदाज बरोबर निघाला तर का, ते कोर्समधून शोधा. फ्लोरिडा विद्यापीठाचे हरितगृहाचे ऑनलाइन कोर्स इंग्रजीसोबत स्पॅनिशमध्येही चालतात. ज्याच्या हातात पाइप आहे त्याच्या भाषेत शिकवलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलंय. अशी सोय अनेक भाषांत व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मातीतला

ते झालं तर मीच माझ्या माणसांना बसवीन. पण एका गोष्टीत मागे हटणार नाही. औषध फवारणी कुणी स्क्रीनवर बघून करू नये. नोझलमधून मिनिटाला किती पाणी पडतं ते भांड्यात धरून मोजणं, बंद पॉलिहाउसमध्ये फवारल्यावर किती तास आत जायचं नाही ते लेबलवरून पाळणं, हातमोजे काढताना बाहेरची बाजू अंगाला लागू न देणं, हे जाणत्या माणसासमोर करून दाखवल्याशिवाय पंप हातात घेऊ नये. फुलकिडे पानामागे, कळीच्या आत लपतात, औषध तिथे नीट पोचत नाही. म्हणून शिकाऊ माणूस मात्रा वाढवत नेतो. इथे नुकसान रोपाचं होत नाही, माणसाचं होतं.

पर्णिका

फवारणीबाबत तुमच्याशी पूर्ण सहमत.