पगार खातं बदललं तर पतपेढीची कपात थांबते का? (लवकर सांगा)

अडकित्ता: कंपनीच्या पतपेढीचं कर्ज आहे. हप्ता कापून हातात येतं ते नावापुरतं. पगार दुसऱ्या बँकेत वळवला तर कपात थांबेल का? अर्ज परवापर्यंत द्यायचाय. नक्की माहीत असेल त्यांनीच लिहा, 'काटकसर करा' वगैरे नको.

दिवेकर_काका: नाही थांबत. हा हप्ता बँकेतून जातच नाही. कर्ज घेताना तुम्ही संमतीपत्र दिलेलं असतं, त्यावर कंपनी पगारातूनच कापून पतपेढीला भरते. सहकार कायदा, कलम ४९. मी चौदा वर्षं संचालक होतो. बाकी किती? जामीनदार कोण?

रानवारा: आधी सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बघा. माझा ७८० आहे. कार्डाचं बिल कधीच अर्धवट भरत नाही, हे त्याचं गुपित.

अडकित्ता: सिबिल कोणी विचारलं? काका, बाकी चार लाख. बरं, कर्जाच्या ॲपचे हप्ते तर खात्यातून जातात, पगार पडला की सकाळीच. ते तरी थांबतील ना?

मुग्धा_नाशिक: ॲपचं आत्ता सांगताय! किती ॲप?

अडकित्ता: पाच. सहा.

दिवेकर_काका: खात्यात पैसे नाहीत म्हणून ई-मँडेट (हप्ता आपोआप कापायची तुम्ही दिलेली परवानगी) परत गेलं तर चेक न वटल्यासारखाच खटला होऊ शकतो. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, कलम २५. शिवाय बँकेचा दंड वेगळा. एवढं कर्ज कशासाठी?

अडकित्ता: घरगुती अडचण.

मुग्धा_नाशिक: माझ्या भावाची 'घरगुती अडचण' रमी होती. रात्री दोनला बाथरूममध्ये फोन घेऊन बसायचा, आम्हाला वाटायचं पोट बिघडलंय.

अडकित्ता: रमीच. पण मार्चमध्ये साठ हजार आलेही होते. आधीचं गेलेलं काढायलाच कर्ज घेतलं ना.

खडूस: रमी ऑगस्ट २०२५च्या कायद्याने बंद झाली. धागा बनावट वाटतो.

मुग्धा_नाशिक: बंद कागदावर. टेलिग्रामवर लिंका फिरतायत, भावाला रोज येतात.

खडूस: तसं पाहिलं तर रमी जुगार नाहीच. सुप्रीम कोर्ट, १९६७. कौशल्याचा खेळ.

बापू_लालबाग: नवीन कायद्यात कौशल्य असो की नशीब, ऑनलाइन पैसे लावले की बंदी. नीट वाचा. आमच्या वेळी मटका होता, कल्याण आणि वरळी. गिरणीचा पगार झाला की बायका गेटवर उभ्या, नाहीतर पाकीट बुकीकडे गेलंच म्हणून समजा. शेजारचा एकजण स्वप्नात दिसलेल्या गाडीच्या नंबरावरून आकडा लावायचा. एकदा लागला, मग जन्मभर लावला.

खडूस: मटका वेगळा. त्यात डोकं लागत नाही.

बापू_लालबाग: तुमचं किती गेलं, खडूसराव?

दिवेकर_काका: तुमचं दोघांचं नंतर. अडकित्ता, पतपेढीकडे मुदत वाढवून हप्ता कमी करायचा अर्ज द्या. मंडळ ऐकतं, पण लपवलंत तर नाही ऐकत. ॲपवाल्यांशी जे बोलाल ते मेलवर. वसुलीवाल्यांना सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करता येत नाही. सातवं ॲप उघडू नका. आणि जामीनदार कोण, हे मी दुसऱ्यांदा विचारतोय.

मुग्धा_नाशिक: १४४१६ ला फोन करा. टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, रात्रीही उचलतात. भावाने तिसऱ्या दिवशी केला. पगाराचं कार्ड आता वहिनीकडे असतं, तो शंभर रुपये मागून नेतो. घरी माहीत आहे?

अडकित्ता: नाही. जामीनदार दोन. एक माझ्याच शिफ्टचा, दुसरा मेव्हणा. तोही इथेच आहे, स्टोअरला. शिफ्टमध्ये फोन बघताना दोनदा पकडलं, मेमो मिळालाय.

दिवेकर_काका: तुम्ही भरलं नाहीत तर पतपेढी त्या दोघांच्या पगाराला हात घालेल. सहकार कायद्याच्या कलम १०१चा वसुली दाखला त्यांच्याही नावाने निघतो. आज रात्रीच मेव्हण्याशी बोला.

रानवारा: सिबिल जामीनदाराचाही पडतो, म्हणून म्हणत होतो.

अडकित्ता: बघतो. राजीनामा दिला तर पीएफ किती दिवसांत मिळतो?