मदत हवी आहे: नाशकात जुनी झेड-४ बघतोय, छत उघडणारी. काय काय तपासू?

नमस्कार मंडळी,

गंगापूर रोडला ओळखीच्या एका काकांच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली बीएमडब्ल्यू झेड-४ उभी आहे, विकायची आहे. २०१२ ची, ई-८९, म्हणजे कापडी नाही, पत्र्याचं घडी होणारं छत. मॉडेल एसड्राइव्ह ३५आय, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक. मुंबई पासिंग, काका दुसरे मालक. मीटरवर ४१ हजार. एकोणीस लाख म्हणतायत, थोडं खाली येतील.

माझा अनुभव आधी मारुती ८०० आणि आता स्विफ्ट, एवढाच. स्विफ्ट घरात राहणारच आहे, ही रविवारची गाडी. बायकोचं म्हणणं, "नाशकात उन्हाळ्यात छत उघडलं तर भाजून निघशील आणि पावसाळ्यात उघडता येणार नाही, मग उरले किती महिने?" या प्रश्नाचं उत्तर इथे कुणी देऊ नये.

काल बघून आलो. रंग चकाचक. छत दोनदा उघडून दाखवलं, वीसेक सेकंदांत डिक्कीत गेलं, बघत राहावं असं. तिसऱ्यांदा म्हटलं तर "बॅटरी उतरेल" म्हणाले. आत परफ्यूमचा इतका वास की डोकं धरलं. एवढंच खटकलं. साध्या गाडीत जे बघतो ते बघेनच, पण अशा गाडीत वेगळं काय बघायचं?

प्रतिसाद १

दादा, परफ्यूम कशाचा वास झाकतोय ते आधी शोधा. छत उघडणाऱ्या गाडीचा पहिला शत्रू पाणी, इंजिन नंतर.

छताच्या घडीच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. गंगापूर रोडला उभी म्हणजे वर गुलमोहर असणारच. त्याची ती तिळाएवढी पानं या नळ्यांत जाऊन बसतात आणि भिजून त्यांचा लगदा होतो. मग पाणी खाली जायच्या ऐवजी आत वळतं. वरून काही दिसत नाही, कारपेटखालचा फोम मात्र महिनोन्‌महिने पाणी धरून ठेवतो. या गाडीची बॅटरी डिक्कीत असते, तेव्हा डिक्कीचं अस्तर उचलून तळाला हात लावून बघा. नुसता टॉर्च मारून समाधान मानू नका.

काकांना सरळ सांगा, पाइप लावायचाय. छत बंद, साधा बागेचा पाइप, दहा-पंधरा मिनिटं. आधी पुढच्या काचेच्या वरची कड, मग दारांच्या काचा, शेवटी मागची बाजू. एक माणूस आत टॉर्च घेऊन बसवा. प्रेशर वॉशर नको, त्याने चांगली गाडीही गळेल.

आणि छत दोनदा नाही, पाच वेळा उघडा-मिटा, इंजिन चालू ठेवून. मग बॅटरीचं कारण उरत नाही. दोन्ही बाजू एकदम हलतात का, मध्ये अडखळतं का, पंप कण्हतो का ते बघा. हायड्रॉलिक तेलाचे डाग डिक्कीच्या अस्तरावर दिसतात. मिटल्यावर दोन्हीकडची फट सारखी हवी. एकीकडे बोट जातंय आणि दुसरीकडे नखही जात नाही, तर गाडी कधीतरी ठोकलेली असू शकते, रंग कितीही चकचकीत असो. दार उघडताना काच बोटभर खाली येते, तीही बघा.

एक गंमत. डिक्कीतला सामानाचा पडदा नीट अडकवलेला नसेल तर छत हलतच नाही. लोक उगाच घाबरून गाडी विकून टाकतात किंवा घेत नाहीत.

प्रतिसाद २

छताचं वर आलंच. या ३५आयमधलं इंजिन एन५४, ताकद ३०६ हॉर्सपॉवर. इंजिन झकास आहे, पण त्याची दुखणी जगजाहीर आहेत. हाय प्रेशर फ्युएल पंप जातो: सकाळी सेल्फ लांबतो, चालताना ताकद तुटते. पाण्याचा पंप विजेवर चालतो आणि फारशी आगाऊ सूचना न देता बंद पडतो, म्हणून तो कधी बदललाय ते बिलावर बघा. तेल फिल्टरच्या हाउसिंगची गॅस्केट गळते. ॲक्सिलरेटर सोडताना खालून पातेल्याच्या झाकणासारखी किणकिण आली तर टर्बोचे वेस्टगेट, म्हणजे त्याचा दाब आवरणाऱ्या झडपा, सैल झालेत, खर्च मोठा.

काकांना सांगा, मी येण्याआधी गाडी चालू करायची नाही. बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. टेस्ट ड्राइव्ह कॉलनीतली नको. आधी द्वारका चौकाच्या गर्दीत घाला. गिअरबॉक्स डबल क्लचचा आहे, मुंगीच्या पावलाने चालताना झटके देतो का तिथेच कळेल. मग कसारा घाट उतरून परत चढा, तापमान बघत. आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय टोकन देऊ नका.

टायर रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे, म्हणून स्टेपनी नाही. टायरवर चार आकडे असतात, ३२१६ म्हणजे २०१६ चा बत्तिसावा आठवडा. टायर जुने असतील तर चौघांचे पैसे किमतीतून वळते करा.

प्रतिसाद ३

मुंबईची गाडी आहे म्हणून सांगतो, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुरात बुडलेल्या गाडीचा सीटबेल्ट कुणी धुवत नाही, गाळाची रेघ तिथे राहते. सीटच्या खालचे रूळ गंजलेत का तेही. नाशकातलीच असती तरी हेच म्हटलं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदाकाठचा दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा नदीकाठच्या किती गाड्या बुडाल्या, आपण बघितलंय.

कागद: आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. ट्रान्सफरला २९ आणि ३०. थकलेली ई-चलनं व्यवहाराआधी त्यांच्याकडून भरून घ्या. काकांचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळणार नाही, तो त्यांच्याकडेच राहतो. आणि एक कुणी बोललं नाही: २०१२ ची म्हणजे २०२७ मध्ये १५ वर्षं पुरी. फिटनेस, नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, पेठ रोडच्या आरटीओत चकरा, तेही ऐन सिंहस्थाच्या धामधुमीत. भाव करताना हे बोला.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. रविवारी सकाळी गेलो. बॉनेट गार होतं, सेल्फ एका दमात, पडदा जागेवर. छत पाचही वेळा नीट, फटी सारख्या. सीटबेल्ट स्वच्छ.

मग पाइप. भाच्याला आत बसवलं, हातात टॉर्च. सात मिनिटं काही नाही. काका खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. मी मागच्या बाजूला पाइप नेला आणि दोनेक मिनिटांत आतून आवाज, "मामा, सीटमागे हात ओला झाला!"

डावीकडचं कारपेट उचललं. फोम दाबला तर खरकट्या भांड्यासारखं काळं पाणी बोटांवर आलं. कोपऱ्यातल्या नळीत तार घातली तेव्हा गुलमोहराचाच लगदा निघाला, मूठभर. काकांचा चेहरा पडला. ते लबाड वाटत नाहीत. वास येतो म्हणून मुलाने परफ्यूम आणून ठेवला होता, वास कशाचा ते शोधलं कुणीच नव्हतं.

डिक्कीचा तळ कोरडा आहे. काका आता सोळावर आलेत, मी अजून हो म्हटलेलं नाही. स्कॅन आणि घाट राहिलाय, पुढच्या शनिवारी.

आता दोन गोष्टी विचारतो. सीट काढून कारपेट आणि फोम बाहेर घेऊन उन्हात वाळवणारा, घाई न करणारा कुणी अंबड-सातपूरकडे माहीत आहे का? आणि प्रतिसाद १ वाले दादा, डाव्या बाजूच्या कारपेटखाली एका कनेक्टरवर हिरवट थर दिसला. फोटो काढलाय, पण हा साफ करून चालेल की वायरिंगच बदलावं लागेल?