मदत हवी आहे: जमिनीचा कन्नड उतारा नेटशिवाय फोनवर मराठीत वाचायचा आहे, ओसीआर (फोटोतून मजकूर काढणं) जमत नाही

खानापूर_बीसीए

नमस्कार मंडळी. सेमिनारला 'मोबाईलमधलं नवं तंत्रज्ञान' असा मोघम विषय मिळालाय. वर्गात घडीचे फोन, उपग्रहावरून मेसेज, 6जी यांच्या स्लाइडी चालू आहेत. मला वाटतं खरा बदल वेगळा आहे: जे काम सर्व्हरवर व्हायचं ते आता फोनमध्येच होतंय. आणि आपल्या खानापूर भागात (बेळगाव जिल्हा, कर्नाटक) त्याचा उपयोग समोरच आहे. उतारा कन्नडमध्ये, पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये, घरची मोठी माणसं मराठी शाळेत शिकलेली. जांबोटी-कणकुंबीकडे पावसात रेंजचा भरवसा नाही, म्हणून सगळं ऑफलाइन पाहिजे.

फोन 4 जीबी रॅमचा, अँड्रॉइड 13. गूगलचं एमएल किट, म्हणजे ॲपमध्ये ओसीआर आणि भाषांतर घालायची तयार साधनं, वापरतोय. फोटोतून मजकूर काढताना कन्नड पानावर काहीच येत नाही, नाहीतर तुटक इंग्रजी अक्षरं येतात. टाईप केलेल्या कन्नडचं भाषांतर होतं, पण माणसांची नावं बिघडतात आणि सर्व्हे नंबर कधीकधी गायबच. मॉडेल बदलू की फोन?

टिळकवाडी_कोड

फोन ठीक आहे, बदलू नको. एमएल किटची मजकूर ओळख लॅटिन, देवनागरी, चिनी, जपानी आणि कोरियन लिप्यांपुरती आहे. कन्नड त्यात नाहीच, त्यामुळे कितीही चांगला फोटो दे, काय उपयोग नाही. भाषांतराच्या यादीत मात्र कन्नड आणि मराठी दोन्ही आहेत, म्हणून अर्धं काम चालतंय असं वाटतं.

ओसीआरला टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅम घे, आवृत्ती 5. अँड्रॉइडसाठी त्याची तयार लायब्ररी मिळते. कन्नडची प्रशिक्षित फाइल 'फास्ट' आणि 'बेस्ट' अशा दोन प्रकारांत येते. फास्टमध्ये पूर्णांकांवर गणित होतं, ते हलकं पडतं, त्यामुळे 4 जीबीच्या फोनवर तीच लाव. बेस्ट अचूक आहे पण हळू, तुलनेसाठी लॅपटॉपवर चालव.

आता फोटो. टेसरॅक्टला 300 डीपीआयच्या (दर इंचाला 300 ठिपके) आसपास चित्र लागतं. ए4 पान म्हणजे 2480 गुणिले 3508 पिक्सेल, साधारण 8.7 मेगापिक्सेल. 12 मेगापिक्सेलचा साधा फोटो पान भरून काढला की झालं, 50 मेगापिक्सेलचा मोड लावून फक्त मेमरी खाल्ली जाते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेलं पान घेऊ नको. लांब बाजू 1600 पिक्सेलच्या आसपास उरते, म्हणजे ए4 ला जेमतेम 137 डीपीआय. कन्नडची खालची जोडाक्षरं, म्हणजे ओत्तक्षरं, तिथेच मरतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग.

ओळी वेगळ्या कापत असशील तर खाली जागा ठेव. मराठीच्या सवयीने अक्षराला चिकटून कापलं की ओत्तक्षर अर्धं तुटतं आणि अक्षर भलतंच वाचलं जातं.

मलप्रभा_काठ

ओसीआर लागेल हे खरं, पण मूळ कल्पनेतच एक गोम आहे. उताऱ्याचं भाषांतर करायचंच कशाला? तो ठरलेल्या नमुन्याचा कागद आहे. 9 नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव, 11 मध्ये इतर हक्क आणि बोजा, 12 मध्ये पीक आणि कसणारा. मथळे बदलत नाहीत. पन्नास-साठ शब्दांचा कोश हाताने कर: कंदाय म्हणजे शेतसारा, खराबु म्हणजे पोटखराब, असं. रकाना ओळखायचा आणि कोशातला मराठी शब्द दाखवायचा. कुठलंच मॉडेल यापेक्षा बरोबर उत्तर देणार नाही, आणि 4 जीबीत ते पळेलही.

सगळ्यात घातक जागा क्षेत्राची. उताऱ्यावर 2.15 असं दिसलं तर तो दशांश नाही, 2 एकर 15 गुंठे आहेत. 40 गुंठ्यांचा एकर. 2.15 आणि 1.30 यांची बेरीज 4 एकर 5 गुंठे येते, कोडमध्ये दशांश धरलास तर 3.45 येईल आणि बघणाऱ्याला ते खरंही वाटेल. टिंबाच्या जागी मजकूर तोड, दोन्ही भाग पूर्णांक म्हणून ठेव.

दुसरं, कन्नड शून्य आणि कन्नड अनुस्वार छापात जवळजवळ सारखेच गोल दिसतात. आजूबाजूला आकडे असतील तर अनुस्वाराचं शून्य कर, अक्षरं असतील तर उलटं. सर्व्हे नंबरच्या चौकटीला फक्त आकडे, तिरकी रेघ आणि हिश्श्याची अक्षरं एवढीच परवानगी दे. टेसरॅक्टमध्ये अशी यादी देता येते, 4.1 पासून ती नव्या इंजिनातही चालते.

खानापूर_बीसीए

रकान्यांचं पटलं. मग भाषांतर फक्त नोटिशीपुरतं ठेवतो. पण नावांचं काय? 'भीमप्पा'चं प्रत्येक वेळी वेगळंच काहीतरी येतंय. आणि चौकटींच्या उभ्या रेघा टेसरॅक्ट अक्षरं म्हणून वाचतोय, वर जांभळा शिक्का.

टिळकवाडी_कोड

नावं भाषांतराच्या वाटेला पाठवूच नको. एमएल किट कन्नडमधून थेट मराठीत जात नाही, मध्ये इंग्रजी करतं. तिथे ऱ्हस्व-दीर्घ, ट-त, ळ-ल सगळं एक होतं आणि परत येताना अंदाजाने लागतं. 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरकही तिथेच जातो, नोटिशीत ते फार उद्धट दिसतं.

नावांचं फक्त लिप्यंतर कर, म्हणजे अर्थ न बघता लिपी बदल. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांच्या यादीत, भारतीय लिप्या एकाच क्रमाने मांडल्यात. कन्नड 'क' चा क्रमांक 3221, देवनागरी 'क' चा 2325. फरक 896. जवळपास प्रत्येक अक्षरातून 896 वजा केले की देवनागरी मिळते, ळ सकट. तीन ठिकाणी सांभाळ:

वजाबाकीच्या आधी मजकूर एनएफसी रूपात (युनिकोडचं जोडलेलं रूप, फोनमधलं एनएफसी नव्हे) आण. काही कन्नड स्वरचिन्हं दोन-तीन तुकड्यांत साठवलेली असतात, तशीच सोडलीस तर देवनागरीत भलतीच खूण उमटते.

कन्नडात ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आहेत, मराठीत नाहीत. वजाबाकीनंतर 2318, 2322, 2374 किंवा 2378 आला तर त्यात 1 मिळव, नेहमीचा ए किंवा ओ होतो.

शब्दाच्या शेवटी हलन्त राहतो, 'तहशील्दार्' असं. शेवटचा पाय काढून टाक. मधला काढू नको, जोडाक्षरं फुटतील.

रेघांसाठी ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी लायब्ररी घे. आधी काळं-पांढरं करून उलटं कर, मग 40 पिक्सेल रुंद आणि 1 उंच अशा पट्टीने मॉर्फॉलॉजिकल ओपनिंग (पट्टी पूर्ण बसते तेवढाच भाग ठेवणारी क्रिया) चालव. फक्त आडव्या रेघा उरतात, त्या मूळ चित्रातून वजा कर. उभ्यांना पट्टी उभी धर. 40 पेक्षा फार कमी केलंस तर अक्षरांचे आडवे भागही जातील. या रेघांच्या छेदबिंदूंवरूनच चौकटी कापायच्या, म्हणजे रकाना कुठला ते आपोआप कळतं. प्रत्येक चौकट एक ओळीची असेल तर टेसरॅक्टचा पानाच्या मांडणीचा मोड 7, जास्त ओळींची असेल तर 6.

शिक्का निळा-जांभळा असेल तर फोटोचा फक्त निळा चॅनल घे, तिथे ती शाई फिकी पडते आणि काळी छपाई उरते. लाल शिक्क्याला लाल चॅनल. बल्बखाली काढलेल्या फोटोत एका कडेला सावली येतेच, तिथे टेसरॅक्ट 5 मधली सौव्होला पद्धत (प्रत्येक भागाचा उजेड बघून काळं-पांढरं करणारी) लाव.

निपाणी_नेट

नोटिशीसाठी इंडिकट्रान्स2 हे भाषांतराचं मॉडेल बघ. आयआयटी मद्रासच्या एआय4भारतचं, 2023 चं, अनुसूचीतल्या 22 भाषांचं. भारतीय भाषेतून थेट भारतीय भाषेत जाणारं त्याचं छोटं रूप 32 कोटी पॅरामीटरचं (मॉडेलने शिकून साठवलेले आकडे) आहे. 8 बिटवर आणलं की एका पॅरामीटरला एक बाइट, म्हणजे 320 एमबीच्या आसपास. 4 जीबीत बसतं. एक वाक्य एका वेळी दे, अख्खं पान नको.

अडतं ते वेगळीकडे. हे मॉडेल आतमध्ये कन्नडही देवनागरीत आणून वाचतं. ते काम पायथनमधलं टूलकिट करतं, फोनवर नुसतं मॉडेल नेलंस तर ते मागे राहतं आणि उत्तर निरर्थक येतं. वर सांगितलेली 896 ची युक्ती तिथेही कामाला येते, पण टूलकिटची बाकीची पूर्वतयारी, वाक्याआधीच्या भाषेच्या खुणा धरून, बघून बघून कोटलिनमध्ये (अँड्रॉइड ॲपची भाषा) लिहावी लागेल. सेमिनारपुरतं वेळेत होत नसेल तर एमएल किटवर भागव.

पीडीएफ नोटीस आली तर कॉपी करून बघ. निरर्थक इंग्रजी अक्षरं आली तर फाइल नुडी या जुन्या, युनिकोड नसलेल्या कन्नड फॉन्टमध्ये आहे, आपल्याकडे श्री-लिपीचं व्हायचं तसंच. त्या पानाचं चित्र करून ओसीआरला दे, ते सोपं पडतं.

मलप्रभा_काठ

दाखवताना खरा उतारा घेशील तर नावं आणि सर्व्हे नंबर झाकून घे. आणि ॲपमध्ये मूळ चौकटीचं चित्र मराठी शब्दाच्या शेजारी राहू दे, म्हणजे कन्नड येणारा कुणीही पडताळू शकतो.

खानापूर_बीसीए

खूप धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे मॉडेल फक्त नोटिशीच्या वाक्यांना, बाकी कोश, वजाबाकी आणि रेघा. सर म्हणतील यात नवीन काय, पण हेच सांगायचंय मला. ॲप प्ले स्टोअरवर टाकू का?

टिळकवाडी_कोड

आत्ता नको, एपीके (ॲपची फाइल) फोनवर हातानेच टाक. 1 नोव्हेंबर 2025 पासून अँड्रॉइड 15 आणि पुढच्यासाठी बनवलेल्या ॲपला 16 केबीच्या मेमरी पानांची (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो ते) सोय असावी लागते, आणि टेसरॅक्ट-ओपनसीव्हीच्या जुन्या बांधणीत ती नसते. नव्या एनडीकेने (अँड्रॉइडचं लायब्ररी बांधायचं साधन) बांधलंस की सुटेल, ते नंतर बघ.

आदल्या दिवशी वाय-फायवर कन्नड आणि मराठी भाषांतराची मॉडेलं उतरवून ठेव, प्रत्येकी 30 एमबीच्या आसपास आहेत. ती ॲपसोबत येत नाहीत, पहिल्या वापराला मागवली जातात. मग फोन विमान मोडवर टाक, ॲप पूर्ण बंद करून परत उघड आणि एक नोटीस शेवटपर्यंत चालवून बघ.