अन्वर अलीचे उदाहरण सोळा वर्षांच्या बचावपटूला लावता येईल का?

पेठकर (कोल्हापूर)

माझा भाचा सोळा वर्षांचा आहे आणि आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळतो. उंची चांगली आहे, हेडर चांगला आहे, आणि चेंडू नुसता बाहेर फेकून न देता पुढच्या माणसापर्यंत पोहोचवण्याची समज त्याला आहे. गेल्या महिन्यात बाहेरगावच्या एका अकादमीने त्याची निवड केली. परंतु वैद्यकीय तपासणीत त्याचा ईसीजी नेहमीसारखा आला नाही, म्हणून प्रवेश थांबवला. त्यानंतर एका रुग्णालयात टूडी इको केला, तेव्हा "विशेष काही नाही, खेळणाऱ्या मुलांत असे दिसते" असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले.

आता घरात दोन मते झाली आहेत. फुटबॉलपटू अन्वर अलीला हृदयविकार असूनही तो भारताकडून खेळतो, मग आपल्या मुलाला कशाला थांबवायचे, असे भावोजी म्हणतात. ताई मात्र त्याला बूटही घालू देत नाही. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आमचा अनिकेत जाधव ज्या संघात होता, त्याच संघात अन्वर बचावफळीत होता, त्यामुळे त्याचे नाव आमच्या घरात परके नाही. अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात त्याचा फटका क्रॉसबारला लागला, तेव्हा आमच्या गल्लीत उठलेला आवाज मला अजून आठवतो. त्याच्या कारकिर्दीत नेमके काय घडले आणि त्यातले आमच्या मुलाला किती लागू पडते, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे.

फातोर्ड्याचा प्रेक्षक (मडगाव)

पेठकर, आधी क्रम नीट समजून घेऊ, कारण ही गोष्ट सांगताना लोक मधली दोन वर्षे गाळतात आणि नेमका बोध त्या दोन वर्षांतच आहे.

अन्वर हा पंजाबमधल्या आदमपूरचा, जन्म 2000 चा, आणि मिनर्व्हा अकादमीत घडलेला खेळाडू आहे. विश्वचषकानंतर तो इंडियन ॲरोज या तरुण खेळाडूंच्या संघाकडून आय-लीग ही राष्ट्रीय साखळी स्पर्धा खेळला. ऑगस्ट 2018 मध्ये स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला 2-1 असे हरवले, त्यातला दुसरा गोल त्याच्या फ्री किकवर झाला होता. त्याच सुमारास मुंबई सिटीने त्याला करारबद्ध केले. 2019 मध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) मुंबईकडून एकही सामना खेळण्याआधी, तपासणीत त्याच्या हृदयाचा दोष लक्षात आला. पुढे फ्रान्समध्येही तपासण्या झाल्या आणि निदान कायम राहिले. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला खेळण्यापासून रोखले, 2020 मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि देश-परदेशातल्या हृदयरोगतज्ज्ञांची मते मागवली गेली. एकोणीस-वीस हे बचावपटूचे शिकण्याचे वय असते, आणि ते त्याने अहवालांच्या फायली सांभाळत घालवले.

तो परतला तोही थेट मोठ्या मैदानावर नव्हे. आधी हिमाचलच्या राज्य लीगमध्ये, मग 2021 मध्ये दिल्ली एफसीकडून ड्युरंड चषकात, आणि जानेवारी 2022 मध्ये आमच्या एफसी गोवाकडे. तो हंगाम महासाथीमुळे संपूर्णपणे गोव्यातच, पण प्रेक्षकांविना खेळवला गेला. घरापासून काही मिनिटांवर त्याचे सामने होत असताना मी ते दूरचित्रवाणीवर पाहिले. पुढच्या हंगामात फातोर्ड्याच्या नेहरू मैदानाची दारे उघडली, तेव्हा मी पहिल्यांदा त्याला प्रत्यक्ष पाहिले. त्याच्या अंगावर आक्रमक धावून येत असतानाही तो मान वर करून समोरच्या टोकाचा खेळाडू शोधतो आणि चाळीस-पन्नास मीटरचा पास त्याच्या पायात टाकतो, हे मैदानात बसून पाहण्यासारखे आहे. भारतीय बचावपटूंना आपण वर्षानुवर्षे "साफ कर, बाहेर काढ" एवढेच शिकवत आलो. त्या पार्श्वभूमीवर हा मुलगा मला फार मोलाचा वाटतो.

मार्च 2022 मध्ये बहारीनविरुद्ध तो प्रथम भारताकडून खेळला. सामना भारताने 1-2 असा गमावला आणि आपला एकमेव गोल मुंबईच्या राहुल भेकेने केला होता. त्यानंतर 14 जून 2022 रोजी कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला अन्वरने गोल केला आणि भारताने तो सामना 4-0 असा जिंकला. 2023 च्या आंतरखंडीय चषकात संदेश झिंगन आणि अन्वर ही मधली जोडी असताना भारताने संपूर्ण स्पर्धेत एकही गोल होऊ दिला नाही. त्याच महिन्यात दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत कुवेतविरुद्ध अखेरच्या क्षणी त्याच्याकडून स्वयंगोल झाला, हेही सांगितले पाहिजे. पण आठवड्याभरात अंतिम सामन्यात त्याच कुवेतसमोर तो पुन्हा उभा राहिला आणि भारताने तो चषक जिंकला.

हृदयस्पंद (पुणे)

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे. भाच्याचे अहवाल पाहिल्याशिवाय निदान करणे चुकीचे ठरेल, म्हणून केवळ सर्वसाधारण माहिती देतो. परंतु एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो की तपासणी पूर्ण होईपर्यंत मुलाने सराव, सामने आणि तालमीतला व्यायाम हे तिन्ही थांबवावेत. या मुद्द्यावर ताईंचे म्हणणे बरोबर आहे.

अन्वरचे जाहीर झालेले निदान "एपिकल हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी" असे आहे. या आजारात हृदयाचा स्नायू योग्य कारणाशिवाय जाड होतो. साधारणपणे पाचशे माणसांत एकाला तो असतो, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. नेहमीच्या प्रकारात दोन कप्प्यांमधला पडदा जाड होतो, तर या विशिष्ट प्रकारात हृदयाचे खालचे टोक जाड होते. हा प्रकार प्रथम जपानी डॉक्टरांनी 1970 च्या दशकात वर्णन केला. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे या प्रकारात ईसीजीवर ठळक खुणा दिसतात, मात्र टूडी इकोमध्ये ते टोक नीट न दिसल्यास जाडी नजरेतून सुटू शकते. म्हणून ईसीजी बिघडलेला आणि इको "चांगला", अशा वेळी प्रकरण मिटले असे न मानता हृदयाचा एमआरआय करावा लागतो. त्यात जाडी मोजता येते आणि स्नायूत व्रण आहेत का, हेही कळते. जोडीला चोवीस तासांचा होल्टर (अंगावर लावून दिवसभराचे ठोके नोंदवणारे यंत्र) आणि ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करून व्यायामाच्या वेळी ठोके अनियमित होतात का, रक्तदाब नीट वाढतो का, हे पाहिले जाते. मुलाला कधी धावताना भोवळ आली होती का, आणि घराण्यात कोणी तरुण वयात अचानक दगावले होते का, हे दोन प्रश्न कोणत्याही यंत्राइतकेच महत्त्वाचे आहेत, आणि घाईच्या तपासणीत नेमके तेच विचारायचे राहतात. आजार आनुवंशिक असल्यामुळे निदान झाल्यास आई-वडील आणि भावंडांचीही तपासणी करावी लागते.

रुग्णालयाने सांगितले ते सर्वस्वी निराधार आहे असेही नाही. नियमित व्यायामाने खेळाडूंचे हृदय थोडे मोठे आणि जाड होते व त्यांचा ईसीजी वेगळा दिसू शकतो; पण ते "खेळाडूचे हृदय" आहे की आजार आहे, हे ठरवण्यासाठीच वरच्या तपासण्या असतात.

पूर्वी निदान झाले की स्पर्धात्मक खेळ बंद, असाच सल्ला सरसकट दिला जात असे, आणि त्यामागे कारण होते. 2003 मध्ये कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए कॉन्फेडरेशन्स चषकाच्या उपान्त्य सामन्यात मैदानावर कोसळला आणि दगावला, आणि शवविच्छेदनात हाच स्नायूचा आजार आढळला. 2020 मध्ये युरोपीय हृदयरोग संघटनेने आणि अमेरिकेतल्या संघटनांनीही भूमिका थोडी बदलली. आता धोक्याच्या खुणा नसलेल्या निवडक खेळाडूंच्या बाबतीत, तज्ज्ञांची पूर्ण तपासणी आणि खेळाडूशी सविस्तर चर्चा झाल्यानंतर, खेळण्याचा विचार करता येतो. अन्वरचे पुनरागमन याच काळातले आहे. म्हणजे त्याचा आजार नाहीसा झाला नाही किंवा कोणी त्याकडे दुर्लक्षही केले नाही. त्याच्या हृदयातला धोका मोजला गेला आणि तो माहीत असताना निर्णय घेतला गेला. नेदरलँड्सचा बचावपटू डेली ब्लिंड याच्या हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचे 2019 मध्ये निदान झाले, आणि शरीरात डिफिब्रिलेटर (गरज पडल्यास हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) बसवून तो पुन्हा खेळला. त्याचा आजार वेगळा आणि उपायही वेगळा. भावोजींना हेच सांगावे की एका खेळाडूची परवानगी दुसऱ्याच्या छातीला लागू होत नाही.

शिवाय ज्या मैदानांवर अन्वर खेळतो तिथे रुग्णवाहिका, डॉक्टर आणि विजेचा झटका देणारे यंत्र हजर असते. हृदय बंद पडल्यावर तो झटका मिळण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. आपल्या सरावाच्या मैदानावर यातले काय आहे, याचे उत्तर आपणच द्या.

करारपत्र (ठाणे)

वैद्यकीय बाजूवर मी बोलणार नाही. परंतु मुलगा पुढे व्यावसायिक खेळाडू होणार असेल, तर याच कारकिर्दीतला नंतरचा भाग पालकांनी वाचलाच पाहिजे. 2023 मध्ये अन्वर दिल्ली एफसीकडून मोहन बागानकडे लोनवर, म्हणजे ठराविक मुदतीसाठी उसना, गेला आणि तिथे 2023-24 च्या हंगामात लीग शिल्डही (साखळी फेरीत अव्वल येणाऱ्या संघाचा चषक) जिंकला. 2024 मध्ये तो करार मोडून त्याने ईस्ट बंगालशी पाच वर्षांचा करार केला. सप्टेंबर 2024 मध्ये महासंघाच्या समितीने त्याला चार महिने बंदी घातली आणि तो, दिल्ली एफसी व ईस्ट बंगाल यांनी मिळून मोहन बागानला 12.90 कोटी रुपये द्यावेत, असा आदेश दिला. प्रकरण पुन्हा दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर तो आदेश मागे घेऊन नव्याने सुनावणी घेण्याचे ठरले. कोण बरोबर होते, हा वाद इथे नको. मात्र मूळ नोंदणी कोणत्या क्लबकडे राहते, लोनची मुदत किती, आणि करार कोणत्या कारणाने मोडता येतो, हे न वाचता अठराव्या वर्षी सही करणारी कितीतरी मुले मी पाहिली आहेत. अकादमीच्या अर्जातही पालकांच्या सहीखाली बरीच कलमे असतात; ती मराठीत समजावून घ्यावीत, आणि वैद्यकीय कारणाने मुलाला थांबवल्यास शिक्षण व निवासाचे काय, हे लेखी विचारावे.

पेठकर (कोल्हापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सर्व प्रतिसाद भावोजींना वाचून दाखवले. तरुण वयात अचानक कोणी गेले होते का, या वाक्यापाशी ते थांबले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितले की त्यांचे थोरले काका चौतिसाव्या वर्षी शेतात काम करताना कोसळून गेले होते, आणि घरात तो उन्हाचा झटका म्हणूनच सांगितला जात असे. अकादमीत किंवा रुग्णालयात कोणी विचारले नाही आणि आम्हालाही सांगावे असे सुचले नाही. एमआरआयची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे. त्याच दिवशी भावोजींचा ईसीजी आणि टूडी इकोही करून घेणार आहोत. भाचा रविवारी शाहू स्टेडियमवर आमच्यासोबत गॅलरीत बसून सामना पाहणार आहे. बूट त्याने स्वतःच ताईकडे ठेवायला दिले आहेत.