अनुभव धागा : घरची मंडळी, मित्र आणि मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन

शनिवार-रविवारी मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन पाहून आलो. नवरा, मुलं, सासरे आणि मैत्रिणीचं सगळं घर, असा मोठा गोतावळा होता. परतताना गाडीतल्या गप्पा ऐकत होते, तर प्रत्येक जण वेगळंच प्रदर्शन पाहून आलेला. सासरे स्टेशनच्या छपराबद्दल सांगतायत, मैत्रिणीचा नवरा टेबलाखालच्या वायरिंगबद्दल, आणि धाकटीच्या तोंडी एकच बोगदा. हा विषय एकटीने लिहिण्याचा नाही असं तेव्हाच वाटलं. तुम्हीही असं प्रदर्शन कुणासोबत पाहिलं असेल तर लिहा. काय पाहिलंत यापेक्षा कुणामुळे काय दिसलं, ते वाचायला मला जास्त आवडेल.

सुरुवात मीच करते. धाकटी एका लेआउटपाशी, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेपाशी, थांबली ती हलेचना. मालगाडी डोंगरातल्या बोगद्यात शिरायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. "आत काय करते ती?" हे तिने आधी मला, मग आजोबांना आणि शेवटी थेट गाडी चालवणाऱ्या काकांना विचारलं. ते काही न बोलता तिला मागच्या बाजूला घेऊन गेले. डोंगर आणि आभाळ रंगवलेल्या फळीच्या पाठीमागे रुळांच्या रांगा होत्या, आणि पुढच्या खेपेच्या गाड्या तिथे नंबर लावून उभ्या होत्या. प्रत्येक वाघिणीचं, म्हणजे मालडब्याचं, एक कार्ड, कार्डाला खिसा, खिशात चिठ्ठी. ही वाघीण कोळसा घेऊन कुठल्या साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळाला, जाणार, ते चिठ्ठीवर लिहिलेलं. माल उतरला की चिठ्ठी उलटायची, मागच्या बाजूला पुढचा मुक्काम. काकांनी धाकटीला ती चिठ्ठी उलटायला दिली आणि सांगितलं, "आता ही कुठे जायची ते तू ठरवलंस." मग ती वाघीण दगडाच्या खाणीपाशी पोचेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही. अर्धा हॉल पाहायचा राहिला, पण त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

सिग्नल केबिनमधल्या बाबांचा मुलगा

बाबांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेली. त्यांना, माझ्या मुलाला आणि मुलाच्या दोन मित्रांना घेऊन गेलो होतो. सुरुवातीचे लेआउट बाबांनी पाठीमागे हात बांधून, चालता चालता पाहिले. मग जुन्या पद्धतीचे, हात वर-खाली होणारे सिग्नल असलेला एक लेआउट आला. त्याच्या एका टोकाला छोटी लिव्हर फ्रेम, म्हणजे सिग्नल आणि सांधे हलवायच्या दांड्यांची चौकट, होती. एकेक लिव्हर बोटाएवढा. सिग्नलचे लाल, सांध्यांचे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या जागांचे) काळे, सांध्याच्या कुलपाचे निळे. बाबा वाकले, रंग बघितले आणि म्हणाले, "बरोबर आहेत." ही त्यांची त्या दिवसातली पहिली दाद.

मग त्यांनी चालवणाऱ्या गृहस्थांना विनंती केली, "सांधा न लावता सिग्नल पाडून दाखवा बघू." त्यांनी लाल लिव्हर ओढला, तो तसूभरही हलला नाही. फ्रेमखालचं झाकण काढून त्यांनी आतल्या खाचा पाडलेल्या पट्ट्या दाखवल्या. सांधा लागला, कुलूप बसलं, की पट्टी सरकते आणि मगच सिग्नलचा लिव्हर मोकळा होतो. समोरून येणाऱ्या गाडीचा सिग्नल त्याच वेळी अडकून बसतो. खऱ्या केबिनमध्ये माणूस थकला, गोंधळला तरी दोन गाड्या एकमेकींसमोर येऊ नयेत म्हणून केलेली हीच व्यवस्था, इथे वहीच्या आकारात.

त्यांनी बाबांना स्टुलावर बसवलं. शेजारच्या स्टेशनचा माणूस घंटेचे ठोके देऊन गाडी सोडू का विचारायचा, बाबा लाइन क्लिअर, म्हणजे मार्ग मोकळा असल्याची परवानगी, द्यायचे, सांधा, कुलूप, सिग्नल, या क्रमाने हात चालायचा. मुलं बाजूला उभी राहून एकेका लिव्हरचं काम विचारत होती. आजोबा कामावर नेमकं काय करायचे हे माझ्या मुलाने कधी विचारलं नव्हतं, आणि मीही त्याला कधी नीट सांगू शकलो नव्हतो. गाडी गेल्यावर बाबांनी सिग्नल लगेच पूर्ववत केला, तर मुलाने विचारलं, "एवढी घाई का?" बाबा म्हणाले, "तो पडलेला राहिला तर मागची गाडी त्याच सिग्नलवर आत येईल." एवढं पुरेसं होतं.

मित्राची व्हीलचेअर ढकलणारा

आमच्या चौघांच्या टोळीतला एक व्हीलचेअरवर असतो. प्रदर्शनात गर्दी असणार, त्याला काही दिसणार नाही, अशी सगळ्यांना काळजी. झालं उलट. बहुतेक लेआउट कंबरेच्या थोडे वर असतात. आपण उभे राहतो आणि हेलिकॉप्टरमधून पाहिल्यासारखं वरून पाहतो. त्याची नजर मात्र बरोबर रुळांच्या किंचित वर. तो म्हणाला, "वाका रे, माझ्याएवढे व्हा."

वाकलो. समोरून इंजिन येत होतं, दिव्याचा उजेड रुळांवर लांब पसरला होता, फलाटावरची इंचापेक्षाही लहान माणसं आमच्याच उंचीची झाली होती. डब्यांच्या खिडक्यांतून पलीकडचं शेत दिसत होतं आणि आत बसलेले प्रवासीही. हे सगळं करणाऱ्याने केलेलं असतं, आपण वरून पाहतो म्हणून निसटतं. नंतर प्रत्येक टेबलापाशी आम्ही आधी त्याला पुढे केलं आणि मग त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसलो. आयोजकांना मनापासून सांगायचंय, दोन टेबलांमधली वाट रुंद ठेवा. काही ठिकाणी खुर्ची वळेना, आणि तिथले लेआउट आम्ही पाहिलेच नाहीत.

टेबलापलीकडून

आम्ही मांडणाऱ्यांपैकी. मी, बायको आणि कॉलेजपासूनचे मित्र मिळून एन प्रमाणातली, म्हणजे खऱ्याच्या १६०व्या हिश्शाएवढी (१:१६०), मॉड्यूलं करतो. मॉड्यूल म्हणजे लेआउटचा दुसऱ्याला जोडता येणारा तुकडा. एनट्रॅक या ठरलेल्या मापांच्या पद्धतीचं साधं मॉड्यूल ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि रूळ जमिनीपासून ४० इंचांवर. पुढच्या कडेने तीन मुख्य मार्ग ठरलेल्या जागी. हे पाळलं की कधी न भेटलेल्या माणसाचं मॉड्यूलही आपल्याला जोडता येतं. मग त्याने समुद्र केलेला असो की वाळवंट.

शनिवारी दारं उघडण्याआधी पाणसळ लावून पायांचे स्क्रू फिरवायचे, सांधे जुळवायचे, वायरी जोडायच्या आणि रूळ पुसायचे. रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी मिश्रण तांबं, निकेल आणि जस्ताचं. वीज रुळातून चाकात आणि चाकातून मोटरमध्ये जाते, त्यामुळे काजळीचा बारीकसा थरही गाडी अडवतो. बायको आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत पुढे जाते आणि मी मागोमाग इंजिन चालवून बघतो. हे काम आम्हाला दोघांनाही फार प्रिय आहे. हॉल रिकामा असतो, आणि पहिली गाडी सगळ्यांच्या मॉड्यूलांवरून पूर्ण फेरी मारून परत आली की लांबच्या टोकाकडून टाळ्या येतात.

एकदा रविवारी भर गर्दीत सगळ्या गाड्या एकदम थांबल्या. डिजिटल पद्धतीत रुळांवर विजेचा पूर्ण दाब कायम असतो, त्यातूनच आज्ञा जातात आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर स्वतःच्या क्रमांकाची आज्ञा उचलतो. म्हणूनच एका रुळावर अनेक इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. आणि म्हणूनच एका ठिकाणी शॉर्ट झालं की त्या भागातलं सगळंच बंद. आम्ही टेबलाखाली शिरून वायरी तपासतोय, तेवढ्यात मित्राची दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "काका, थांबायच्या आधी बोगद्यात टक् असा आवाज झाला." डोंगराचा वरचा तुकडा उचलला. एक डबा घसरून त्याचं लोखंडी चाक सांध्यावर आडवं पडलं होतं. तेव्हापासून बोगद्याजवळची खुर्ची तिची.

नातवाबरोबर गेलेली आजी

मला इंजिनांतलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. नातू वडिलांबरोबर गाड्यांमागे गेला, मी आणि विहीणबाई गवत बघत बसलो. खरंच गवत. एक बाई तिथे करून दाखवत होत्या. आधी डिंक लावायचा, मग जाळीच्या डबीतून नायलॉनचे बारीक तंतू झटकायचे. डबीला विजेचा भार असतो, त्यामुळे तंतू डिंकात आडवे न पडता सरळ उभे राहतात. दोन-तीन छटा मिसळल्याशिवाय माळ खरा वाटत नाही, असं त्या म्हणाल्या. आयुष्यभर भरतकाम केलेल्या हातांना ते लगेच पटलं. झाडाला तारा पिळून खोड करतात, त्याला लांबीचा म्हणजे पुट्टीचा थर, मग फांद्यांवर पालवीचा चुरा.

एका घरामागे दोरीवर कपडे वाळत घातले होते, आणि त्यातला एक सदरा एकाच चिमट्यावर लोंबत होता. दुसरा चिमटा खाली गवतात पडलेला. विहीणबाईंनी तो शोधून काढला. बसल्या जागी आम्ही अशा कितीतरी गोष्टी शोधल्या, आणि नातू परत आला तेव्हा त्याला एकेक दाखवल्या.

नववीत आहे

मी मामा आणि मित्रासोबत गेलो होतो. पहिला सेट कुठला घ्यावा हे ठरवायचं होतं. एचओ म्हणजे १:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिमी. सगळ्यात गोड झेड, १:२२०, जे जर्मनीच्या मर्क्लिनने १९७२ मध्ये आणलं. तळहातावर इंजिन आणि दोन डबे मावतात. ब्रिटिश ओओचे रूळ एचओचेच, पण गाड्या १:७६ च्या. कारण त्या काळच्या मोटरी लहान ब्रिटिश इंजिनांत मावत नव्हत्या, म्हणून वरचा सांगाडा मोठा केला. मामा म्हणाला, हातात घेऊन रुळांवर ठेवून बघ. ठेवून बघितलं. माझ्या टेबलावर वळण बसायचं तर एनच.

हॅम्बुर्गला गेलो होतो तेव्हा

मित्रांच्या जर्मनी सहलीत हॅम्बुर्गचं मिनिअतुर वुंडरलांड पाहिलं. ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये जुन्या गोदामांच्या वस्तीत सुरू केलेलं. दिवस मावळतो, हजारो दिवे लागतात, पुन्हा उजाडतं. २०११ पासून तिथे विमानतळही आहे आणि विमानं धावपट्टीवरून उठतात. भव्यता निर्विवाद. तरीही मला दोन दिवसांचं प्रदर्शन अधिक जवळचं वाटतं. तिथे ज्याने पूल बांधला तोच पुलाशेजारी उभा असतो, आणि हा दगड कशाचा केलात असं विचारलं की तो खिशातून तुकडा काढून हातात देतो.

थोडं व्यवहाराचं

शनिवारी दुपारी फार गर्दी असते. लहान मुलं असतील तर सकाळी दारं उघडताच जा आणि उभं राहायला छोटं स्टूल न्या. जुन्या सामानाच्या टेबलावरून इंजिन घेणार असाल तर चाचणीच्या रुळावर दोन्ही दिशांना चालवून मगच घ्या, आणि डिकोडर आहे का ते विचारा. रविवारी संध्याकाळी आवराआवर लवकर सुरू होते, त्या वेळी नवखे पाहुणे नेऊ नयेत. माझ्या एका मित्राला मुळीच मजा आली नाही. त्याला आग्रहाने नेणं बरोबर नव्हतं असं माझं स्पष्ट मत आहे. आवड नसलेला माणूस दाराकडे बघत राहतो आणि सोबतच्यांचंही मन लागत नाही.

घड्याळ लावणारी मैत्रीण

आमच्या गटात एक भौतिकशास्त्राची शिक्षिका आहे. तिने मुलांना काम दिलं, गाडीचा खरा वेग काढा. हिशेब सोपा. ताशी ८७ किमीची गाडी एचओमध्ये ताशी १ किमीने धावली पाहिजे, म्हणजे एक मीटर जायला ३.६ सेकंद. टेबलाच्या कडेला मीटरभर अंतरावर दोन कागदाच्या खुणा चिकटवल्या, अर्थात आधी विचारून, आणि मोबाइलवर वेळ लावली. मालगाडी दोन सेकंदांत पार. मुलांनी आकडा काढला, ताशी दीडशे किमीच्या वर!

चालवणाऱ्या आजोबांना तो दाखवल्यावर त्यांनी नियंत्रक मुलांच्या हातात दिला. "खऱ्यासारखी चालवून दाखवा." मग अर्धा तास एकच खटपट. वेग उतरवत उतरवत मालगाडी मीटरभर जायला सात सेकंद घेऊ लागली, म्हणजे ताशी पंचेचाळीसच्या आसपास. वाघिणी वळणावर एकेक करून झुकताना दिसायला लागल्या, चाकांचे सांध्यांवरचे ठोके वेगवेगळे ऐकू यायला लागले. पलीकडच्या टेबलावरचे लोकही बघायला आले. आमच्या मुलांनी पुढच्या प्रदर्शनासाठी एनचा तक्ता आत्ताच करून ठेवलाय. तिथे ताशी १६० किमीला ३.६ सेकंद धरायचे.